जंगलातल्या धबधब्याजवळ लपवलेली लेटरबॉक्सची पेटी नुसत्या संकेतांवरून खरंच सापडते का?

सापडते. तुम्ही लिहिलंय की संकेतांचा कागद घेऊन दोन तास फिरलात, पेटी काही मिळाली नाही आणि मुलं हिरमुसली. मी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात राहतो. माझी आणि लेकीची पहिली फेरीही अशीच रिकामी गेली होती, आणि तुमचंही बहुधा त्याच कारणाने झालं असावं.

ज्यांना लेटरबॉक्सिंग हा लपवलेल्या पेट्या शोधण्याचा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचणारा आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचा. पुढे बाटलीची पेटी झाली. अमेरिकेत १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात यावर लेख आला आणि इथेही लोक पेट्या लपवू लागले. आत एक वही आणि बहुधा हाताने कोरलेला शिक्का असतो. तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला पेटीतल्या वहीत.

आम्ही गेलो होतो ईस्ट हॅडम गावातल्या डेव्हिल्स हॉपयार्ड या जंगल-उद्यानात. तिथला चॅपमन फॉल्स हा धबधबा साठ फुटांहून जास्त उंचीचा, पायरीपायरीने उतरणारा. पायथ्याच्या खडकात गोल रांजणखळगे आहेत, थेट आपल्या निघोजची आठवण यावी असे. सैतानाच्या तापलेल्या खुरांनी ते पडले अशी तिथली जुनी दंतकथा. खरं काम पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांचं.

संकेत सोपे वाटत होते. एका ठरावीक खडकापाशी उभं राहा, चुंबकीय १२० अंशांवर चाळीस पावलं जा, जोडखोडाच्या झाडामागे बघा. (खडक कुठला ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्याच्या शोधात काही उरत नाही.) मी फोनवर १२० लावले आणि चाललो. जोडखोड काही दिसेना. मग आम्ही दिसेल त्या पोकळीत हात घालत सुटलो. हे मात्र करू नका. जागा तुडवली जाते आणि मुलं थकतात.

घरी आल्यावर लक्षात आलं. फोनचं होकायंत्र खऱ्या उत्तरेवर, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या दिशेवर लावलेलं होतं, संकेत चुंबकीय उत्तरेचे, म्हणजे सुई दाखवते त्या दिशेचे होते. सह्याद्रीत फिरताना हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण महाराष्ट्रात या दोन उत्तर दिशांमधला फरक जवळजवळ शून्य आहे. कनेक्टिकटमध्ये चुंबकसुई सुमारे तेरा अंश पश्चिमेला झुकते. चाळीस पावलांत मी नऊ पावलं उजवीकडे गेलो होतो!

पुढच्या रविवारी साधं सुईचं होकायंत्र नेलं. पावलं मी मोजली, लेकीची नाही, कारण संकेत मोठ्या माणसाच्या पावलांचे असतात. झाडामागे दगड रचलेले, त्यांच्याखाली झाकणाचा डबा, आत दोन झिपच्या पिशव्या, एकीत एक. वहीला ओलसर कागदाचा वास. शिक्क्यावर हेमलॉक या सूचिपर्णी झाडाचा शंकू कोरलेला होता, त्याचा एकेक खवला वेगळा. लेकीने खोडरबरावर आपलं आद्याक्षर ‘र’ उलटं कोरून आणलं होतं. ते तिने श्वास रोखून दाबलं. त्या पानावरच्या सगळ्या इंग्रजी टोपणनावांमध्ये एकच देवनागरी अक्षर उमटलं. शाई वाळेपर्यंत तिने वही मिटू दिली नाही.

जंगलात पूर्ण पँट घाला, तिची टोकं मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर मुलांच्या मानेपासून काखांपर्यंत गोचीड तपासा. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाला ज्या गावाचं नाव मिळालं, ते लाइम इथून अगदी शेजारी आहे. पेटी जशी होती तशीच पिशव्या नीट बंद करून, दगड रचून ठेवा. कोणी चालत येत असेल तर ते जाईपर्यंत थांबा.

तेव्हा तुमच्या संकेतांत अंश असतील तर आधी फोन कुठली उत्तर दाखवतोय ते बघा. आयफोनच्या होकायंत्रात ‘ट्रू नॉर्थ’ची सेटिंग असते, ती बंद करता येते. अंश नसतील तर संकेत किती जुने आहेत ते बघा. इथले हेमलॉक एका बारीक किडीने मरताहेत. संकेतातलं ‘उभं झाड’ आता आडवं पडलेलं असू शकतं, आणि पेटी त्याच्याच बुंध्याशी असू शकते.