रात्री ट्रायपॉडशिवाय काढलेले फोटो हललेले येतात, काय करू?

उजेड कमी असला की ऑटो मोडवर कॅमेरा शटर १/८ सेकंदापर्यंतही उघडं ठेवतो, आणि तेवढ्या वेळात हात हलतोच. ढोबळ हिशेब असा की फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) ५० मिमी लेन्स असेल तर शटर १/५० सेकंदापेक्षा मंद नको. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) असेल तर आणखी मंद शटरही चालतं, पण ते तुमचा हात सावरतं, समोर चालणारा माणूस नाही. त्याच्यासाठी १/१२५ तरी हवाच.

मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) बिनधास्त ३२०० वर न्या. लोक आयएसओला उगाच घाबरतात. आयएसओ वाढवल्याने दाणेदार झालेला फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निस्तरतो, हललेला नाही. जमलं तर एफ/१.८ ची लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), एफ/३.५ च्या मानाने ती जवळपास चौपट प्रकाश आत घेते.

इमारत, पूल असं स्थिर काही टिपायचं असेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवा, आयएसओ १०० करा, शटर खुशाल लांबवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही बसत नाही. फ्लॅश मात्र बंद. त्याचा उजेड काही मीटरपलीकडे पोचतच नाही.