पांढऱ्या शिल्पाला कुठला रंग?

चि. स अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. परदेशी रंग परवडत नाहीत म्हणून चित्रं फिकी पडतात, असं तुझं म्हणणं. त्यावर वाद नंतर घालू, आधी एक चित्र शोधून बघ. विल्यम डाइस या स्कॉटिश चित्रकाराचं. १८५७ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं होतं, आता त्याच्या जन्मगावी, अ‍ॅबर्डीनच्या कलादालनात असतं. बागेत बसलेला छोटा टिशियन (पुढे व्हेनिसचा थोर चित्रकार झाला तोच), समोर मेरी आणि बाळ येशूचं शिल्प, जवळ तोडून आणलेली फुलं.

लहानपणी टिशियननं फुलांच्या रसानं मेरीचं चित्र रंगवलं, ही कथा त्याचा चरित्रकार रिदोल्फी यानं १६४८ साली लिहिली. टिशियन वारला १५७६ मध्ये! थोरांच्या बालपणी असं काहीबाही घडलेलं असतंच, म्हणून कथा फार मनावर घेऊ नकोस. डाइसनं तिच्यातून काय उचललं ते बघ. मुलगा रंग लावत नाहीये, लावण्याआधी बघत बसलाय. आणि बघतोय ते शिल्प बिनरंगाचं. त्यातून रंग उतरवून घेता येत नाही, तो ठरवावा लागतो. तू इथेच घाई करतेस. निळं आकाश, हिरवं झाड, की लगेच ट्यूब पिळली.

(गंमत म्हणजे डाइस स्वतः रेषेचा माणूस. पान न पान कोरून काढलंय. टिशियनच्या मोकळ्या कुंचल्याशी त्याचं फारसं नातं नाही.)

फुलांचा रसही करून बघ. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात चुरड, निळं पाणी निघेल. त्यात लिंबू पिळलंस की जांभळं-गुलाबी होईल. कागदावर लावून उन्हात ठेव, काही दिवसांत उडेल. व्हेनिसमध्ये टिशियन अर्थातच असले रंग वापरत नव्हता. तिथल्या बाजारात अफगाणिस्तानातल्या दगडापासून केलेला निळा मिळायचा, फार महाग. पण उत्तम रंग हाताशी असूनही म्हातारा टिशियन अर्धवट चित्रं भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवायचा आणि मग शत्रूकडे बघावं तशी तपासायचा, असं पाल्मा जोव्हाने या चित्रकारानं सांगून ठेवलंय.

तेव्हा नवी रंगपेटी तूर्त राहू दे. पांढरी कपबशी खिडकीत ठेव, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा रंगव. सावलीत काळा वापरायचा नाही. दोन्ही कागद पाठव, मग पेटीचं बोलू.