वाचकांचे प्रश्न : आजोबांचे उकुलेले

प्रश्न : बोटीवर नोकरी करणाऱ्या आजोबांनी हवाई बेटांवरील होनोलुलूहून आणलेले उकुलेले (गिटारसारखे छोटे वाद्य) आमच्याकडे आहे. टीव्हीवरील जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात अशाच वाद्याची किंमत भरघोस सांगितली. पॉलिश करून विकावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पॉलिश मुळीच करू नये, मूळ लेप खरवडला की संग्राहकाच्या लेखी निम्मे मोल तेथेच जाते. १८७९ मध्ये मदेरा या पोर्तुगीज बेटावरून हवाईत आलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी आपल्या चारतारी वाद्यावरून उकुलेले घडवले आणि त्यासाठी तेथलेच कोआ लाकूड वापरले. उजेडात तिरपे धरल्यास कोआची लाटांसारखी झळाळी दिसते का, आणि गोल छिद्रातून बॅटरी मारल्यावर आत कारागिराची चिठ्ठी वा छाप आढळते का, हे पाहावे. पडद्यावरची किंमत बहुधा लिलावाचा किंवा विम्याचा अंदाज असतो, हाती येणारी रोकड नव्हे. तडा असल्यास मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना दाखवावे, मात्र रंधा लावू देऊ नये.