नफा कागदावर, पैसा विक्रेत्यांकडे

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात वखर, डवरे आणि ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्रे तयार करणारी आमची लहान कंपनी आहे. गेल्या आर्थिक वर्षात करासह विक्री १ कोटी १० लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली आणि ९ लाख रुपये निव्वळ नफा झाला. तरीही बँकेतील शिल्लक २ लाखांनी घटली. यंत्रांच्या झिजेपोटी केवळ कागदोपत्री धरलेला खर्च, म्हणजे घसारा, २ लाख आहे. आमची यंत्रे उधारीवर नेऊन विकणाऱ्या विक्रेत्यांकडील येणे १८ लाखांवरून ३१ लाखांवर गेले. मालाचा साठा, देणी व कर्ज पूर्वीइतकेच असून नवी यंत्रसामग्री घेतलेली नाही. मग नफा गेला कुठे?

— एक वाचक

उत्तर : आपला नफा विक्रेत्यांच्या उधारीत अडकला आहे. आपण बिल करता त्याच दिवशी विक्री हिशेबात धरली जाते, मग पैसे यायला सहा महिने का लागेनात; म्हणून रोख प्रवाह काढताना नफ्यात घसारा मिळवून त्यातून येण्यांतील वाढ वजा करावी लागते. ९ अधिक २ वजा १३, म्हणजे उणे २ लाख. बँकेतील शिल्लक तेवढीच घटली आहे, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

ही १३ लाखांची वाढ विक्री वाढल्यामुळे झाली, असे मात्र समजू नका. येण्याला वर्षाच्या विक्रीने भागून ३६५ ने गुणले, तर आदल्या वर्षी आपली वसुली सरासरी ६० दिवसांत होत होती. तोच वेग राहिला असता, तर वाढलेल्या विक्रीवरही येणे साडेवीस लाखांच्या आत राहिले असते. आता वसुलीला ९१ दिवस लागत आहेत. म्हणजे सुमारे साडेदहा लाख रुपये केवळ वसुली लांबल्यामुळे अडकले.

मला अधिक काळजी वाटते ती तारखेची. मे-जूनमध्ये उचललेल्या मालाचे पैसे दिवाळीनंतर कापूस विकला गेला की येऊ लागतात आणि तुरीचा हंगाम आटोपेपर्यंत बाकी चुकती होते, ही आपल्या भागातील रीत आहे. त्यामुळे ३१ मार्चला येणे वर्षातील सर्वांत कमी असायला हवे. त्या दिवशी ३१ लाख बाकी दिसत असतील, तर त्यात मागील खरिपाची न आलेली रक्कम बरीच असणार, आणि ऑगस्टमधील ओढाताण ताळेबंदात दिसते त्यापेक्षा कितीतरी मोठी असणार. लोखंड मात्र रोखीनेच घ्यावे लागते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटीही, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. शिवाय ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बहुतेक बँका कॅश क्रेडिटची (साठा व येणी तारण धरून मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची) उचल ठरवताना धरत नाहीत, त्यामुळे गरज असते तेव्हाच हात आखडतो.

याच्या उलटही घडते. पाऊस दगा देतो त्या वर्षी नवी विक्री घटते, जुनी वसुली होत राहते आणि रोख वाढलेली दिसते. त्या पैशावर विस्तार करू नये.

आपल्या कंपनीची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते. हंगामी धंद्यात प्रत्येक विक्रेत्यावर हे शस्त्र उगारावे, असे मी म्हणणार नाही, परंतु बिलावर ही अट छापलेली असावी. त्याआधी विक्रेतानिहाय बाकीची यादी ३०, ६०, ९० दिवस आणि त्याहून जुनी अशी लावून घ्या, आणि ज्यांच्याकडे मागील खरिपाची बाकी आहे त्यांना ती चुकती झाल्याशिवाय यंदाच्या पेरणीसाठी एकही यंत्र उधारीवर देऊ नका.