रहस्य टिकतं, पात्र निसटतं: पद्माच्या पेटीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा : सोलापूरच्या चौघांनी वेबसाठी आठ भागांची रहस्यमालिका लिहिली आहे. यंत्रमाग कारखान्यातला मुनीम गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत नाहीसा होतो. मागे विड्या वळणारी बायको पद्मा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. पहिले दोन भाग वाचून दाखवले, तर ऐकणाऱ्यांनी मुनीम जिवंत आहे की नाही यावर पैजा लावल्या, पण पद्माबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग रहस्य कमी करायचं का?

नको. काय लपवलंय आणि कुणापासून, एवढंच बदला.

रहस्य सुरू झालं की प्रेक्षक फौजदार होतो. बाई रडताना दिसली तर त्याला कळवळा येत नाही, ‘ही खरंच रडतेय का?’ असा प्रश्न पडतो. तुमच्याकडे सहा पात्रं आहेत आणि सहाही संशयित. म्हणजे जीव लावायला माणूसच ठेवलेला नाही. निदान एक जण पहिल्या दहा मिनिटांत संशयाच्या बाहेर काढा. इथे ती पद्माच हवी.

खरी गफलत पेटीच्या प्रसंगात आहे. पद्मा पेटी उघडते, आत काहीतरी बघून दचकते, झाकण लावते आणि भाग संपतो. उत्सुकता ताणली जाते, कबूल. पण आपण तिच्याच डोळ्यांनी बघत होतो आणि नेमक्या त्या क्षणी लेखकाने आपल्याला दाराबाहेर काढलं. जे तिला ठाऊक आहे ते आपल्याला नाही, मग तिच्याबरोबर घाबरायचं कशाला?

तोच प्रसंग असा करून बघा. पेटीत चादरीच्या घडीखाली नवऱ्याचं पासबुक. जत्रेच्या बारा दिवस आधी सगळी रक्कम काढलेली, आणि हे आपल्याला स्पष्ट दिसतं. ती पासबुक जागच्या जागी ठेवते आणि सूप मांडीवर घेऊन बसते. विडीच्या पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्री चालवते, पण हात थांबत थांबत. ओल्या फडक्यातून काढलेली पानं तोवर वाळतात, वळताना तडकतात. संध्याकाळी कारखान्यात तपासणारा नेहमीपेक्षा जास्त विड्या छाटतो. ‘आज काय झालं?’ ‘पालाच कोरडा होता.’ बस्स. पैसे कुठे गेले हे रहस्य शाबूत आहे, पण आता पद्मा काय लपवतेय आणि त्याची तिला काय किंमत पडतेय हे आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या भागात मुलगी फीचे पैसे मागेल तेव्हा संवाद न लिहितासुद्धा पोटात कालवेल.

मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका. 2016 च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच घरातले कर्ते अण्णा यांच्या मृत्यूने होते आणि सगळे वाड्यातलं गूढ उकलत बसतात. 2019 चं दुसरं पर्व मागच्या काळात गेलं. अण्णा मरणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी लोक अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांच्यासाठी टीव्हीसमोर बसले. शेवट माहीत असल्याने लक्ष माणसांवर गेलं. ‘देवमाणूस’ मालिकेतही डॉक्टर खुनी आहे हे प्रेक्षकाला माहीत, गावाला नाही. मग दवाखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येक बाईची काळजी वाटायला लागते. अर्थात रोजच्या मालिकेला एक सोय असते. पात्रं महिनोन्महिने जेवणाच्या वेळी घरात येतात, सवयीनेच माया जडते. आठ भागांत ती उधारी मिळत नाही.

एका वेळी तीनपेक्षा जास्त मोठे प्रश्न उघडे ठेवू नका. दुसऱ्या भागाअखेर तुमचे सात झाले आहेत. प्रत्येक भागात एकाचं पक्कं उत्तर द्या, मगच नवा काढा. आणि उत्तर मिळाल्यावर लगेच शेवटची पाटी नको. ज्याच्यावर घाव बसला त्याच्याजवळ तीन-चार मिनिटं थांबा. बहुतेक लिखाण इथेच घाई करतं, कारण लेखकाला पुढचा धक्का खुणावत असतो.

सातव्या भागात पद्माच कटात सामील निघते, हा धक्का ठेवायचाच असेल तर तिचा प्रत्येक प्रसंग दोन्ही अर्थांनी वाचा. चारचौघांत ती खोटं वागली तर चालेल. खोलीत एकटी असताना नवऱ्याच्या शर्टावर डोकं ठेवून रडते, ते मात्र खोटं निघता कामा नये. बघणारं कुणी नसताना ते नाटक ती कुणासाठी करते? प्रेक्षकासाठी, म्हणजे लेखकासाठी. हे एकदा लक्षात आलं की आधीची सगळी माया उतरते. कटात असूनही तिला त्याची खरंच आठवण येते, असं केलंत तर तो प्रसंग टिकेल.

सोलापूरचा फायदाही तुम्ही घेतलेला नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषकांच्या वस्तीतली पद्मा घरी तेलुगू बोलेल, मालकाशी मराठी. कोणाशी बोलताना ती भाषा बदलते यावरून तिचा कुणावर भरवसा आहे हे कळतं, आणि रहस्याचा धागाही हातून सुटत नाही. शिवाय मुनीम जत्रेच्या नुसत्या गर्दीत हरवण्यापेक्षा सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात हरवू दे. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतंय, सगळे अक्षता टाकतायत, आणि पद्माच्या मुठीत अक्षता तशाच.

दुरुस्त भाग ऐकायला नवे सहा-सात जण बोलवा, जुने नकोत. फी मागण्याच्या प्रसंगाला मधेच थांबा आणि ‘कोण असेल?’ न विचारता ‘आता पद्मा मुलीला काय सांगेल?’ असं विचारा. उत्तरं वेगवेगळी आली तरी हरकत नाही, त्यावरून वाद झाला तर उत्तमच. ‘काय माहीत’ असं तिघांहून जास्त जण म्हणाले, तर परत पेटीच्या प्रसंगाकडे जा.