वडील वेगळ्या मार्गाचे होते. त्यांच्या गतीचे काय?

आपला मार्गच मोक्षाला नेतो अशी ज्यांची मनापासून श्रद्धा असते, त्यांना आयुष्यात कधी तरी एक प्रश्न गाठतो: या मार्गावर नसलेल्या माझ्या माणसांचे काय होणार? समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून ऐकला आहे, आणि तो विचारणारा माणूस बहुधा तत्त्वचर्चेसाठी आलेला नसतो. त्याच्या घरात कोणाचा तरी मृत्यू झालेला असतो. अशाच एका ताईंची हकिगत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

ताईंचे माहेर वारकरी आणि सासर महानुभाव; दोन्ही घरे विदर्भातली. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, घरात रोज हरिपाठ होत असे, आणि पाय साथ देत होते तोवर त्यांनी आषाढीची वारी चुकवली नाही. लग्नानंतर काही वर्षांनी ताईंनी सासरच्या पंथाचा उपदेश घेतला. तो कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर विचार पटला म्हणून घेतला, हे त्यांनी पहिल्याच भेटीत आवर्जून सांगितले. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले आहेत. देवतांच्या उपासनेने त्यांच्या मर्यादेतले फळ मिळते, मोक्ष मात्र केवळ परमेश्वरच देऊ शकतो, आणि म्हणून भक्ती अनन्य असली पाहिजे, अशी तेथील शिकवण आहे. वडील असेपर्यंत या शिकवणीचा ताईंना कधी त्रास झाला नव्हता. ते गेल्यावर भेटायला आलेल्या सासरच्या एका नातेवाइकांनी, मनात कोणताही आकस नसताना, एवढेच म्हटले की माणूस फार भला होता, पण जन्म देवताभक्तीत गेला. त्या वाक्यानंतर ताईंची झोप उडाली.

भावाने वडिलांची माळ आठवण म्हणून ताईंना दिली होती. ती त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ब्लाउजपिसांच्या चळतीखाली ठेवली होती. दुपारी घरात कोणी नसले की त्या ती काढून हातात घेत, थोडा वेळ बसत आणि पुन्हा ठेवून देत. मग आपल्या हातून अनन्यता मोडली असे वाटून हात धूत, आणि वडिलांच्या माळेला हात लावून हात धुतले म्हणून रडत. वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि माहेरी जावे की जाऊ नये, हे ठरत नव्हते.

अशा वेळी 'सगळे मार्ग शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात' हे उत्तर जिभेवर तयार असते, आणि ज्यांना ते खरोखर पटते त्यांना त्याने धीरही येतो. ताईंना ते देणे मला योग्य वाटले नाही. त्यांनी विचारपूर्वक स्वीकारलेल्या श्रद्धेला बाजूला सारून दिलेले समाधान त्यांना घरी पोहोचेपर्यंतही पुरले नसते, आणि एखाद्याची श्रद्धा सैल करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, असे माझे ठाम मत आहे. मी त्यांना एवढेच सुचवले की येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मोक्षाचा मार्ग एक की अनेक, हा सिद्धांताचा प्रश्न आहे. माझ्या वडिलांना काय गती मिळाली, हा एका विशिष्ट जीवाविषयीचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर 'एकच' असे ठामपणे देणारा माणूसही दुसऱ्याचा निकाल देऊ शकतो, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

ताई शिक्षिका असल्यामुळे त्यांनी लगेच विचारले की, इतर धर्मांत असा फरक केला जातो का. केला जातो. 'चर्चबाहेर तारण नाही' हे वचन ख्रिस्ती परंपरेत तिसऱ्या शतकातील बिशप सिप्रियन यांच्यापासून चालत आले आहे, आणि कॅथलिक चर्चने ते आजही टाकून दिलेले नाही. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असे सांगितले की, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने ईश्वराला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य हाच मोक्षमार्ग मानणाऱ्या जैन धर्मात, श्वेतांबर परंपरेने सिद्धांचे, म्हणजे मोक्ष मिळालेल्या जीवांचे, जे पंधरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत अन्य संप्रदायाच्या वेषात असताना सिद्ध झालेल्यांचाही एक प्रकार आहे.

मात्र ताईंच्या मनाला अधिक भिडली ती गीता, कारण ती दोन्ही घरांत पूज्य आहे. महानुभावांच्या लीळाचरित्राचा काळ साधारणपणे १२७८ च्या सुमाराचा मानतात आणि वारकऱ्यांची ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे एकाच पिढीत, एकाच मराठीत, गीतेला मानणाऱ्या या दोन परंपरा ग्रंथरूपाने उभ्या राहिल्या. नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, श्रद्धेने अन्य देवतांना भजणारेही मलाच भजतात, जरी ते विधीला सोडून असले तरी. त्यानंतर दोनच श्लोकांनी, देवांचे व्रत करणारे देवांकडे जातात आणि माझे भक्त माझ्याकडे येतात, असेही ते सांगतात. ताईंनी दोन्ही श्लोक वहीत एकाखाली एक लिहून आणले. पहिला वाचून दुसरा झाकायचा नाही, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते, आणि त्या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटला.

यापुढचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता. ज्यांच्याकडून उपदेश घेतला त्या बाबांनाच विचारा, असे मी सुचवले. फक्त प्रश्न कसा विचारायचा, यावर आम्ही बराच वेळ घालवला. 'माझे वडील तरले का' असे विचारले तर होय किंवा नाही एवढेच ऐकू येते. 'त्यांच्या गतीचा निर्णय कोण करतो' असे विचारायचे ठरले. बाबांनी सांगितले की, जीवाची योग्यता परमेश्वर जाणतो, तुम्हीआम्ही ती मोजायची नसते, आणि मेलेल्या माणसाविषयी असे बोलणे साधकाला शोभत नाही. आपला सिद्धांत त्यांनी तसूभरही सैल केला नाही. मला वाटते, म्हणूनच ताईंचा त्यांच्या उत्तरावर विश्वास बसला.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हात धुणे, तोच प्रश्न दिवसातून अनेक वेळा मनात येणे, धीर मिळाला तरी तासाभरात पुन्हा शंका येणे, हे वाढत गेले तर तो धर्माचा प्रश्न राहत नाही. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे जावे लागते आणि उपचारांनी गुण येतो. ताईंचे हात धुणे हळूहळू थांबले, म्हणून तशी वेळ आली नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी त्यांनी सासूबाईंना सर्व सांगितले, माळेसह. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बापाची वस्तू लपवून कशाला ठेवायची? पूजेत नको ठेवू, इतकंच." ताई माहेरी गेल्या, विधीला बसल्या नाहीत, पण स्वयंपाकात वहिनीच्या बरोबरीने राबल्या आणि संध्याकाळी हरिपाठ संपेपर्यंत आईजवळ बसून राहिल्या. माळ आता वडिलांच्या चष्म्याशेजारी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. मार्ग एकच आहे, असे ताई आजही मानतात. वडिलांविषयी कोणी विचारले तर ते परमेश्वराला ठाऊक, असे सांगून त्या वारीतल्या त्यांच्या आठवणी सांगू लागतात.