टीईटीत गणित नडतंय

प्रश्न : डी.एड. होऊन नऊ वर्षं झाली, आता टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर 1 देतेय. सराव करताना गणितातच तास जातो आणि परिसर अभ्यास तसाच राहतो. गणितात नापास झाले तर सगळंच फुकट का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. टीईटीत विषयवार पास-नापास नसतं. पाच विषय, प्रत्येकी 30 गुण, एकूण 150. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, म्हणजे 90 लागतात. राखीवला 55 टक्के. बाकीच्या चार विषयांत 19-19 मिळाले तर 76 होतात, गणितात 14 पुरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा 9 गणितं पक्की आली आणि उरलेल्या 21 ना उत्तरपत्रिकेत अंदाजाने गोळे केले, तरी चार पर्यायांतला एक या हिशेबाने पाचेक बरोबर निघतात. भरवसा ठेवावा असं नाही, पण कोरं काही सोडू नका.

खरी अडचण वेळेची आहे. 150 प्रश्नांना 150 मिनिटं. गणित सोडून बाकीचे 120 प्रश्न आधी घ्या, 105 मिनिटांत. मग गणिताला 40 मिनिटं उरतात आणि राहिलेले गोळे भरायला 5. मात्र असं मधलं सोडून पुढे गेलं की उत्तरपत्रिकेत घोळ होतो : एक उत्तर चुकीच्या ओळीत गेलं की पुढची सगळी एक घर सरकतात, आणि बॉलपेनचा गोळा खोडता येत नाही. दर दहा प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहा.

गणितं मांडत बसू नका. 40 मुलांचं सरासरी वय 12, बाई धरल्या की सरासरी 13 होते, बाईंचं वय? बेरजा कशाला? बाईंनी स्वतःचे 13 ठेवून 40 मुलांना एकेक वर्ष दिलं : 53.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतलं जाडजूड गाइड घेण्याआधी पाचवी आणि आठवी स्कॉलरशिपच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. पेपर 1 पहिली ते पाचवीचा असला तरी काठिण्य माध्यमिकपर्यंत जातं. शिवाय टीईटीप्रमाणे स्कॉलरशिप परीक्षाही पुण्यातली राज्य परीक्षा परिषदच घेते.

प्रश्न : सप्टेंबर 2025 मध्ये माझं वय 52 होतं. सहावी-सातवीला इतिहास शिकवतो. मलाही टीईटी?
– एक शिक्षक, भोर

उत्तर : हो. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीच्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची झाली. त्यात सूट आहे ती निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना, आणि त्यांनाही बढती हवी असेल तर टीईटी लागतेच. तुम्ही 58 ला निवृत्त होणार, म्हणजे निकालाच्या वेळी सहा-एक वर्षं बाकी होती. पास व्हायला निकालापासून दोन वर्षांची मुदत आहे. सहावी ते आठवीचा पेपर 2 भरा. अर्जात 60 गुणांचा सामाजिक शास्त्र गट निवडा, गणित-विज्ञान नव्हे.